फोटोतला केर

आपला एखादा फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून यावा, असं वहिनीला गेली सहा वर्षं वाटत होतं. तो आला तेव्हा ती लॉजच्या जेवणघरात पावाला लोणी लावत बसली होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पेपर उलगडला आणि तिला समोर आपला वटवट्या दिसला. तारेवर बसलेला मूठभर जीव, पिवळी छाती फुगवलेली, चोच उघडी, गाणं अगदी ऐन रंगात, आणि मागे वळणावरून येणारी धूसर आगगाडी. अर्धं पान नुसत्या फोटोने व्यापलेलं होतं. तिने वन्संना कोपराने असं ढोसलं की त्यांचा चहा बशीत सांडला.

वन्सं म्हणजे तिची नणंद. खरं तर वयाने वहिनीपेक्षा वर्षभराने लहानच, पण सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी ‘वन्सं म्हणायचं’ असा हुकूम सोडला होता आणि तीस वर्षांत तो मोडायला दोघींनाही सवड झाली नव्हती. अहो-जाहो मात्र पहिल्या भांडणातच सुटलं. वहिनीच्या नवऱ्याला प्रवासाचा कंटाळा, म्हणून वर्षातून एकदा या दोघी पंधरा दिवस बाहेर पडायच्या. सकाळी पाखरं, दुपारी रेल्वे, संध्याकाळी गावातले चौक आणि गल्ल्या, असा वहिनीच्या कॅमेऱ्याचा नेम होता. वन्संकडे डबा, वेळापत्रक आणि टोमणे ही तीन खाती होती.

“माग ना तो पेपर,” वन्सं म्हणाल्या. “नाहीतर तू त्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसशील.”

त्या माणसाने पेपर देऊन टाकला. वहिनीने आधी फोटो डोळे भरून पाहिला, मग वरचा मथळा वाचला, आणि तिच्या हातातली सुरी ताटलीत पडली. मथळा होता, ‘झेंडी होती कुठे?’

बातमी तिने दोनदा वाचली. तीन दिवसांपूर्वी सकाळी नदीच्या पुलावर रुळांचं काम चालू होतं. गाडी थांबली नाही. रुळावरच्या ढकलगाडीवर ती आदळली आणि एका कामगाराचा पाय दोन ठिकाणी मोडला. कामगारांचा मुकादम म्हणत होता, मी नियमाप्रमाणे पुलाच्या अलीकडे, रुळांच्या मधोमध, लाल झेंडी रोवली होती. गाडीचा ड्रायव्हर म्हणत होता, वाटेत झेंडी नव्हतीच. इंजिनाखाली झेंडीची मोडकी काठी सापडली, पण ती ढकलगाडीतच पडून राहिली असेल, असं ड्रायव्हरच्या बाजूचं म्हणणं. दोघांपैकी कोण खरं, याचा निकाल लागत नव्हता. तो लावला एका हौशी पक्षिनिरीक्षक बाईंच्या फोटोने. सात बावन्नला, म्हणजे धडकेच्या मिनिटभर आधी काढलेला फोटो. झेंडी जिथे असायला हवी ती जागा फोटोत स्वच्छ दिसत होती, आणि तिथे खडी आणि रुळांखालचे स्लीपर यांखेरीज काही नव्हतं. मुकादमाला घरी बसवण्यात आलं होतं. चौकशीचा शेवटचा दिवस आज, दुपारी बारा वाजता. दोष शाबीत झाला तर नोकरी जाणार होतीच, वर खटलाही भरला जाणार होता.

फोटोतली ती जागा स्वच्छ होती, कारण ती तिने स्वतःच्या हाताने स्वच्छ केली होती.

याला ती ‘केर काढणं’ म्हणायची. इस्पितळाच्या औषधखिडकीत अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती. काउंटरवर भुकटीचा कण सांडला तरी तो कोणी बघायच्या आत पुसून टाकायचा, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. फोटोत तारेचं टोक आलं, पिशवी आली, चौकाच्या कोपऱ्यात कचऱ्याचा डबा आला की तिचा जीव कासावीस व्हायचा. मग लॅपटॉपवर शेजारची माती, शेजारचं आभाळ उचलून त्या जागेवर बसवायची. असं बेमालूम, की तिलाही दुसऱ्या दिवशी सापडायचं नाही. आणि केर काढून झाला की मूळ फोटो पुसून टाकायची. घर झाडल्यावर केर कोपऱ्यात साठवून ठेवत नाहीत, असं ती वन्संना सांगायची. त्या सकाळच्या फोटोत डाव्या खालच्या कोपऱ्यात एक लाल तुकडा होता. एवढंसं पाखरू, त्याचा पिवळा रंग कोवळा, आणि बघणाऱ्याची नजर आधी त्या लालावर जाऊन आपटायची. पाऊण मिनिटात तिने तो काढला. ती झेंडी आहे हे तिला कळलं होतं. ती कशासाठी आहे, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

फोटो काढून झाल्यावर दोघी आठ पाचची बस गाठायला बांधावरून धावत सुटल्या होत्या. मागे ब्रेकची किंचाळी ऐकू आली होती, पण वळणावर गाड्या तशाच किंचाळतात म्हणून वन्संनी वळूनही पाहिलं नव्हतं. दुपारी वाटेतल्या गावात वहिनीने फोटो साफ केला, पक्षीमंडळाच्या पानावर टाकला, आणि दोघी दोन दिवस जंगलातल्या विश्रामगृहात जाऊन राहिल्या. तिथे ना फोन ना वीज. काल संध्याकाळी परतल्यावर तिने पाहिलं, तर फोटोला न भूतो असं कौतुक लाभलं होतं. ते कौतुक वाचतच ती झोपी गेली होती.

“कोणी नेला हा फोटो चौकशीला?” वन्संनी विचारलं.

बातमीत तेही होतं. ड्रायव्हरचा मेव्हणा त्याच पक्षीमंडळाचा सभासद होता. मंडळाचा नियमच होता की फोटोबरोबर जागा, तारीख आणि मिनिट लिहायचं, आणि फोटो जसा दिसला तसाच ठेवायचा. काही पुसायचं नाही, काही भरायचं नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी चौकशीला पत्र लिहून दिलं होतं की आमच्या सभासदांचे फोटो काटेकोरपणे तपासलेले असतात. ते पत्र वाचताना वहिनीचे कान तापले. कारण मंडळात फोटो तपासायचं काम तिच्याचकडे होतं. मागच्याच वर्षी तिने एका शाळामास्तरांना पकडलं होतं. त्यांनी फोटोतली एक काठी काढून तिथे शेजारचं गवत बसवलं होतं, आणि वहिनीने सगळ्यांसमोर त्या गवताची जुळी पाती बोटाने दाखवली होती. मास्तर मंडळातून गेले. पुढे त्यांनी कॅमेराच विकला म्हणे.

साडेआठ वाजले होते. चौकशीचं गाव दोन तासांवर, गाडी नऊ पन्नासची. त्या तासाभरात काय करायचं हे वहिनीने ठरवूनही टाकलं. कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसलेले फोटो परत काढता येतात हे तिला ठाऊक होतं. मूळ फोटो परत मिळवायचा आणि कोणाचंही नाव न घालता चौकशीवाल्यांच्या पत्त्यावर धाडून द्यायचा. मुकादम सुटेल, आणि कोणाला काही कळायचंही नाही, असं तिने वन्संना सांगितलं.

“आणि तो दुसरा फोटो कोणी काढला म्हणून सांगतील ते?” वन्सं म्हणाल्या. “वटवट्याने?”

वहिनीने कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि ती चालू लागली.

कॅमेरे दुरुस्त करणारी बाई नुकतंच दुकान उघडत होती. चष्मा कपाळावर, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि सकाळी सकाळी गिऱ्हाईक आलं याचा आनंद अजिबात नाही. कार्ड हातात घेऊन तिने एकच प्रश्न विचारला, पुसल्यानंतर यावर पुन्हा फोटो काढलेत का. वहिनीने मान खाली घालून सांगितलं की जंगलात चारशे काढले. दुरुस्तीवाल्या बाईने ओठ मुडपले. नव्या फोटोंनी जुन्यांची जागा व्यापलेली असते, ती म्हणाली, नशिबात असेल ते निघेल.

पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. नऊ दहाला ती पाव झाली होती, नऊ पंचवीसला अर्धी. वन्सं दाराशी उभ्या राहून स्टेशनच्या रस्त्याकडे बघत होत्या. मधूनच एखादा फोटो पडद्यावर उमटायचा. बाजारातला दिवा, फलाटावरचं इंजिन, परत फलाट, कुठल्याशा फांदीवर नुसती शेपटी. नऊ पस्तीसला वटवट्या आला. वरून खाली, ओळीओळीने आधी आभाळ उतरलं, मग तार, मग उघडी चोच, मग गाडीचं तोंड. वहिनीने टेबलाची कड धरली. पाखराच्या पायांपाशी चित्र थांबलं. त्याच्याखाली होता नुसता राखाडी पट्टा, कोऱ्या पाटीसारखा.

“एवढंच आहे,” दुरुस्तीवाली म्हणाली. “खालचा भाग गेला.”

झेंडी खालच्या भागात होती.

त्या दोघींनी नऊ पन्नासची गाडी कशी पकडली ते त्यांनाच ठाऊक. गाडी सुटून पाच मिनिटं झाली तरी वन्संना धाप लागलेली होती. वहिनीने लॅपटॉप उघडला. मूळ फोटो गेला तर गेला, पण आपण जिथे ठिगळ लावलं ती जागा तरी दाखवता येईल. दुसऱ्यांची ठिगळं तिने डोळ्यांत तेल घालून शोधली होती, स्वतःचं सापडायला काय हरकत होती? तिने कोपरा मोठा केला. खडीचा दगड न् दगड पाहिला. गाडी हलत होती, दगड हलत होते, आणि सगळे दगड सारखेच वेगळे दिसत होते. जंगलात वीज नव्हती आणि काल रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावायचा राहून गेला होता. दहा मिनिटांत पडदा काळा झाला, आणि त्यात तिला आपलं तोंड दिसलं.

मग ती वन्संकडे वळली. हलक्या आवाजात तिने सांगून पाहिलं, की तिथे जाऊन काय उपयोग होणार? हातात पुरावा नाही. अर्धा फोटो नेऊन दाखवला तर हसं होईल. मी म्हणणार झेंडी होती, आणि ते विचारणार कशावरून. शिवाय पेपरात माझं नाव येणार. मंडळ, मास्तर, शेजारपाजार, इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणी, सगळ्यांना कळणार. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलंही नाही.

वन्सं म्हणाल्या, “वहिनी, तुझ्या नावाचं काय होईल ते मला माहीत नाही. पण तो माणूस बारा वाजता तिथे बसलेला असेल. तू गेली नाहीस तर मी जाईन. आणि मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा मी सगळं चुकीचं सांगेन.”

इतकी वर्षं टोमणे ऐकूनही वहिनीला वन्संचा धाक असा कधी वाटला नव्हता.

चौकशीची खोली रेल्वेच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर होती. शिपायाने आधी आत सोडलं नाही. वहिनीने पेपर दाखवून “हा फोटो माझा आहे” म्हटल्यावर तो उठून उभा राहिला आणि त्याने दार उघडून धरलं. या मानाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत एक लांब टेबल होतं. मधोमध चौकशी अधिकारी, पांढऱ्या मिशांचा, थकलेला माणूस. त्याच्या बाजूला कारकून. डाव्या हाताला ड्रायव्हर आणि त्याचा मेव्हणा. उजव्या हाताला एकटा मुकादम. पन्नाशीचा, रापलेला, इस्त्री केलेला शर्ट घातलेला. त्याच्यासमोर टाइप केलेला एक कागद आणि त्यावर आडवं ठेवलेलं पेन होतं. पाठीमागच्या भिंतीवर वहिनीचा फोटो, दाराएवढा मोठा करून चिकटवलेला. वटवट्या कोंबडीएवढा झाला होता.

मेव्हण्याने तिला ओळखलं आणि तो आनंदाने उठला. हात जोडून अधिकाऱ्यांना म्हणाला की याच त्या बाई, आमच्या मंडळाच्या परीक्षक, स्वतःहून साक्षीला आल्यात. अधिकाऱ्याने खुर्ची द्यायला सांगितलं. वहिनी बसली नाही. बसलो तर परत उठून बोलणं होणार नाही, असं तिला वाटलं.

“या फोटोत झेंडी होती,” ती म्हणाली. “मी ती पुसली.”

कारकुनाचे हात थांबले. अधिकाऱ्याने तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं, पाखरासाठी पुसली, लाल रंग नजरेला टोचत होता म्हणून पुसली, आणि मूळ फोटो टाकून दिला. बोलताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. मुकादम मात्र तिच्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

मेव्हणा भानावर आला तो तावातावानेच. त्याने विचारलं, या बाई तीन दिवस कुठे होत्या? कोणी यांना भरीला घातलं? मंडळात फोटोला हात लावला म्हणून लोकांना हाकलून देणाऱ्या बाई स्वतः फोटोला हात लावतील, हे कोणाला खरं वाटेल? अधिकाऱ्याने त्याला गप्प केलं, पण प्रश्न त्याचाच विचारला. म्हणाला, तुम्ही आधी लोकांना खोटा फोटो दाखवला असं तुम्हीच म्हणताय. मग आत्ताचं तुमचं बोलणं खरं कशावरून?

वहिनीने दुकानातून छापून आणलेला अर्धा फोटो दाखवला. राखाडी पट्टा बघून अधिकाऱ्याने तो बाजूला सारला.

“मला तो भिंतीवरचा फोटो खाली काढून द्या,” ती म्हणाली. “आणि उलटा ठेवा. पाखराचं डोकं खाली.”

मेव्हणा हसला. पण अधिकाऱ्याने शिपायाला खूण केली. फोटो टेबलावर उलटा पसरला गेला आणि वहिनी त्याच्यावर ओणवी झाली. परीक्षक म्हणून ती असंच करायची. चित्र उलटं केलं की पाखरू पाखरू राहत नाही, गाडी गाडी राहत नाही, नुसते आकार उरतात, आणि नजर नको तिथे रमत नाही. तिने डाव्या कोपऱ्यावर, म्हणजे आता उजव्या वरच्या कोपऱ्यावर, बोट टेकवलं आणि एकेक दगड चाचपत निघाली. एक मिनिट गेलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. दुसरं मिनिट गेलं. बोटाला घाम आला होता आणि कागदावर त्याचा ओला माग उमटत होता. तिला मास्तर आठवले. त्यांच्या फोटोवर ती अशीच वाकली होती, आणि मास्तर असेच टेबलापलीकडे बसले होते, ठिगळ सापडू नये म्हणून देवाचा धावा करत. ठिगळ सापडावं म्हणून धावा करायची पाळी तिच्यावर आली होती.

तिसऱ्या मिनिटाला बोट थांबलं. एक तिरपा दगड, त्याला पांढरी शीर, शेजारी पालथ्या वाटीसारखा दुसरा, आणि दोघांमध्ये अडकलेलं वाळकं पान. ती हळूच दोन बोटं पुढे सरकली. तिरपा दगड, पांढरी शीर, पालथी वाटी, वाळकं पान.

“हे बघा,” ती म्हणाली. “एकच पान दोनदा पडत नाही. इथलं उचलून मी इथे बसवलंय. याच्याखाली झेंडी आहे.”

अधिकाऱ्याने भिंग मागवलं. त्याने पाहिलं, कारकुनाने पाहिलं, मग मेव्हण्याने पाहिलं. पक्षीमंडळाचा सभासद असल्याने त्याला ते सगळ्यांआधी कळलं. तो खाली बसला. कारकुनाने फूटपट्टी लावून अंतर मोजलं, पुलापासून झेंडी जिथे रोवायची ती जागा काढली, आणि ठिगळ बरोबर तिथेच आलं.

ड्रायव्हर पहिल्यांदाच बोलला. झेंडी असती तर मला दिसली असती, तो म्हणाला, मी खोटं बोललेलो नाही. त्याच्या बोलण्यात इतकी काकुळती होती की वहिनीला त्याचंही वाईट वाटलं. एकाला वर काढताना आपण दुसऱ्याला ढकलतोय, हे तिला गाडीत सुचलंच नव्हतं.

“ते खोटं बोलत नसतील,” ती अधिकाऱ्याला म्हणाली. “पाखराच्या छातीवर ऊन बघा कसं आहे. सूर्य माझ्या पाठीशी होता, अगदी खाली. म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. त्यांना झेंडी दिसली नसेल, पण ती होती.”

अधिकाऱ्याने हे लिहून घ्यायला सांगितलं. मग तिला विचारलं की तुमच्या बाकीच्या फोटोंचं काय. वहिनीने सांगितलं, सगळ्यांतच थोडाफार केर काढलेला आहे. मेव्हणा हे आजच मंडळाला कळवणार, हे तिला दिसत होतं. कळवू दे, असं तिला वाटलं. तिने जबाबाच्या चार पानांवर सह्या केल्या. मुकादमासमोरचा टाइप केलेला कागद अधिकाऱ्याने उचलला, उभा फाडला, आणि टोपलीत टाकला. मुकादम सोमवारपासून कामावर रुजू होईल, असं त्याने कारकुनाला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात वन्सं बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत सोडलं नव्हतं. वहिनीचं तोंड बघून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. वहिनी निम्मी बाटली प्याली.

तेवढ्यात मुकादम बाहेर आला. तो आभार मानेल अशी वहिनीची अपेक्षा नव्हती, आणि त्याने मानलेही नाहीत. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. खिशातून त्याने घडी घातलेला पेपर काढला. घड्यांवर कागद मऊ पडून फाटायला आला होता, आणि पेपर आजचा नव्हता, कालचा होता. म्हणजे फोटो कालही छापून आला होता.

“बाई, एक विचारायचंय,” तो म्हणाला. “झेंडी रोवली आणि मी पुलाकडे परत फिरलो. वळणावर गाडी दिसली तेव्हा मी झेंडीपासून वीस-पंचवीस पावलांवर होतो. मग मी या फोटोत कसा नाही?”

तो थांबून थांबून बोलत राहिला. काल दिवसभर तो या फोटोत स्वतःला शोधत होता. बायको म्हणाली, तुम्ही तिथे असता तर दिसला असता ना. मुलगी काही म्हणाली नाही, पण तिनेही फोटोत पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यालाही पटायला लागलं होतं. रोज झेंडी रोवतो, तेव्हा आदल्या दिवशीचंच आठवत असेल, त्या दिवशी आपण गेलोच नसू. आत ठेवलेला तो कागद कबुलीचा होता. तो सही करणारच होता.

“खोटं म्हणून नाही,” तो म्हणाला. “मला खरंच तसं वाटायला लागलं होतं.”

वहिनीला तेव्हा आठवलं. लाल तुकडा काढून झाल्यावर त्याच्या जरा पुढे, झुडपाच्या कडेला, एक केशरी ठिपका उरला होता. झुडपात कसलंसं पोतं अडकलं असेल, असं तिला वाटलं होतं. ते काय आहे हे मोठं करून बघायचेही कष्ट तिने घेतले नव्हते. एका टिचकीत तो गेला होता. आत, जबाबाच्या चार पानांत, तिने फक्त झेंडीचं सांगितलं होतं, कारण तिला फक्त झेंडीच आठवली होती.

“तुमचं जाकीट केशरी आहे का?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली. कामावर सगळ्यांना तेच असतं, तो म्हणाला.

“मग होतात तुम्ही,” वहिनी म्हणाली. “मी तुम्हालाही काढलं.”

वन्संनी तोंडाला पदर लावला. मुकादम रागावला नाही. त्याने पेपर उघडून तिच्यापुढे धरला आणि कुठे होतो ते दाखवा म्हणाला. वहिनीने झुडपाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे खडी होती, गवत होतं. तो त्या जागेकडे खूप वेळ बघत राहिला. मग त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

“इथे लिहून द्या,” तो म्हणाला. “घरी दाखवायला.”

वन्संनी पेपर भिंतीला लावून दोन्ही हातांनी घट्ट धरला. वहिनीने त्या गवतावर फुली मारली, बाजूला लिहिलं, ‘इथे माणूस होता’, आणि खाली आपलं पूर्ण नाव घालून सही केली.